‘शरीर पचवते’ म्हणून परवाना?

कार्बनच्या नॅनोनळ्या एकदा शरीरात शिरल्या की तिथून हलत नाहीत, असे २००८ पर्यंत बहुतेक संशोधक गृहीत धरून चालले होते. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यांच्याविषयी जे जे लिहिले गेले त्यात त्यांच्या चिवटपणाचेच कौतुक होते. षटकोनी जाळीत बांधलेले कार्बनचे अणू, त्या जाळीची गुंडाळी होऊन तयार झालेली एखाद्या नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटर जाडीची नळी, आणि वजनाच्या मानाने पोलादाला मागे टाकणारी तिची ताकद. अभियंत्याला हवाहवासा वाटणारा हा गुण डॉक्टरला मात्र धास्ती घालणारा होता, कारण जे झिजत नाही, विरघळत नाही आणि गंजत नाही ते फुफ्फुसात गेल्यावरही तसेच राहणार, हे उघड दिसत होते. या समजाला पहिला तडा २००८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील अलेक्झांडर स्टार, व्हॅलेरियन केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ‘शरीरातील विकरे (म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) कार्बनचे नॅनोपदार्थ मोडू शकतात’ हे विधान प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून धोरणाच्या आणि परवान्याच्या चर्चेत येऊन बसले.

विधान खरे आहे आणि त्यामागचे संशोधन उत्तम आहे. आक्षेप आहे तो त्याच्या वापराला. ठरावीक पदार्थ, ठरावीक पृष्ठभाग, ठरावीक विकर आणि ठरावीक मुदत या सगळ्या अटी पाळल्या तरच जो निष्कर्ष उभा राहतो, तो अटी गाळून सरसकट दिलासा म्हणून पुढे केला जातो. माझे म्हणणे असे की या संशोधनाचा सार्वजनिक उपयोग नेमका उलट दिशेने व्हायला हवा. काही नॅनोपदार्थ शरीरात मोडतात आणि काही मोडत नाहीत हे आता तपासून पाहता येते. तेव्हा तपासून दाखवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्या उद्योगावर टाकली पाहिजे, आणि ती परवान्याची अट म्हणून टाकली पाहिजे.

गोव्यात हा विषय कोणाला परका वाटत असेल तर त्याने वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या औद्योगिक वसाहतींतून एक फेरी मारावी. औषधनिर्मिती हा आपल्याकडचा मोठा उद्योग आहे, आणि औषध हव्या त्या पेशीपर्यंत पोहोचवण्यासाठी कार्बनच्या नळ्या व ग्राफीन ऑक्साइड (कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांना ऑक्सिजन चिकटवून केलेला पदार्थ) वापरण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. लिथियम बॅटऱ्यांच्या विद्युतपट्ट्यांत वीज नीट वाहावी म्हणून या नळ्या मिसळल्या जातात. रंगांत, रबरात आणि राळेच्या संमिश्रांतही मिसळल्या जातात. मांडवीच्या काठी फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एखाद्या शेडमध्ये डोकावले तर होडीच्या पाठीवर ग्राइंडर फिरवणारा कामगार दिसतो. नाकावर रुमाल, भुवया पांढऱ्या झालेल्या, पायाखाली घासून पडलेल्या राळेचा आणि काचतंतूंचा पिठासारखा थर. आज त्या थरात नॅनोनळ्या असतीलच असे मी म्हणत नाही. पण त्या ज्या दिवशी राळेच्या डब्यातून येतील त्या दिवशी त्या कामगाराला त्याची खबर कशी लागणार? रुमाल तोच राहील आणि ग्राइंडरही तोच राहील.

आता मूळ प्रयोगाकडे वळतो, कारण अटी तिथेच दडलेल्या आहेत. २००८ च्या प्रयोगात वापरलेले विकर मनुष्याच्या शरीरातले नव्हतेच. मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळापासून काढलेले ते पेरॉक्सिडेज होते, जे रोगनिदानाच्या चाचण्यांत प्रयोगशाळा नेहमीच वापरतात. एकपदरी नळ्यांचे काळे मिश्रण कुपीत घेतले, त्यात हे विकर आणि अगदी थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घातले आणि कुपी ४ अंश सेल्सियसला ठेवून दिली. आठवड्यांमागून आठवडे गेले, मिश्रण फिके होत गेले, आणि सुमारे १२ ते १६ आठवड्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांच्या जागी फक्त किरकोळ कार्बनी अवशेष उरले. या विकराच्या गाभ्यात हीम असते, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच लोहाचा अणू धरून बसलेला वलयाकार रेणू. हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की हे लोह इलेक्ट्रॉनांसाठी अधाशी होते आणि जवळ सापडेल त्याच्याकडून ते ओढून घेते. नळीची भिंत अशी ओरबाडली गेली की तिला भोके पडतात, कडा उघड्या पडतात, आणि उघडी कड हल्ल्याला आणखी सोपी जाते.

मात्र त्या कुपीतल्या नळ्या कोऱ्या नव्हत्या. त्यांच्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करून कार्बोक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन असलेले अणूंचे पुंजके, चिकटवलेले होते, म्हणजे भिंतीत जागोजागी कच्च्या जागा आधीच तयार केलेल्या होत्या. त्याच गटाने पुढच्या वर्षी कोऱ्या नळ्यांवर तेच विकर वापरले, तेव्हा त्या मोडल्या नाहीत. ग्राफीनच्या कुळातही हीच तऱ्हा दिसली. ऑक्सिजनयुक्त गटांनी भरलेल्या ग्राफीन ऑक्साइडच्या पत्र्यांना या विकराने भोके पाडली, पण ऑक्सिजन काढून टाकलेल्या पत्र्यांना ते काही करू शकले नाही. ‘कार्बन नॅनोपदार्थ मोडतात का?’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही, याचे कारण हे आहे. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन पिशव्यांतली एक भुकटी मोडणारी आणि दुसरी न मोडणारी असू शकते, आणि दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात.

मनुष्याच्या बाजूचा पुरावा २०१० मध्ये आला. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक असणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर ठासून भरलेले असते. ते हिरवे असते; जखमेतल्या पुवाला जी हिरवट झाक येते ती त्याचीच. केगन, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील बेंग्ट फाडील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे विकर एकपदरी नळ्यांचा फडशा आठवड्यांत नव्हे तर एका दिवसात पाडते, आणि अशा मोडलेल्या नळ्या उंदरांच्या फुफ्फुसांत अखंड नळ्यांइतका दाह निर्माण करत नाहीत. त्याची ताकद जास्त असण्याचे कारण असे की ते पेरॉक्साइड आणि क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यातले जंतू मारणारे रसायन हेच. मग एकामागून एक विकरांची नावे या यादीत आली: इओसिनोफिल पेशींतले पेरॉक्सिडेज, श्वासमार्गाच्या स्रावातले लॅक्टोपेरॉक्सिडेज, झँथिन ऑक्सिडेज. फुफ्फुसातल्या, बाहेरचे कण गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तर या विकरांवाचूनही, सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांच्या संयोगातून बनणाऱ्या पेरॉक्सिनायट्राइटच्या बळावर, नळ्या हळूहळू मोडतात. २०१२ मध्ये मायलोपेरॉक्सिडेज नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांतून नळ्यांचा निचरा साध्या उंदरांपेक्षा कमी झालेला आढळला आणि दाहही जास्त दिसला. म्हणजे हे काम केवळ कुपीत होते असे नाही, जिवंत शरीरातही होते.

इथपर्यंतची हकिकत ऐकली की मन निवांत होते, आणि नेमके इथेच थांबून पुढचा प्रश्न विचारायला हवा. हे विकर कामाला केव्हा लागते? न्यूट्रोफिल पेशी निरोगी फुफ्फुसाच्या वायुकोशांत जवळजवळ नसतातच. त्या रक्तातून तिथे येतात त्या दाहाची हाक गेल्यावर. येतात आणि आपल्या कोठारातले पेरॉक्सिडेज, प्रथिने फोडणारी विकरे व अस्थिर ऑक्सिजनसंयुगे ओततात; कधी कधी स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकून त्यात शत्रूला अडकवतात, आणि या जाळ्यांतही नॅनोनळ्या मोडल्या जाताना दिसल्या आहेत. हा सगळा दारूगोळा जंतूंसाठी आहे. तो फुटतो तेव्हा नळीबरोबर शेजारच्या ऊतीलाही झळ बसते. याच मायलोपेरॉक्सिडेजच्या क्रियेने रक्तातल्या चरबीयुक्त कणांचे ऑक्सिडीकरण होऊन धमन्यांच्या भिंतीत थर साठायला हातभार लागतो, हे हृदयरोगाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. तेव्हा ‘शरीर नळ्या मोडते’ याचा पूर्ण अर्थ ‘शरीर आधी दुखावले जाते, मग त्या दुखापतीला उत्तर म्हणून नळ्या मोडते’ असा होतो. एकदाच दिलेल्या औषधाच्या मात्रेसाठी हा सौदा कदाचित परवडेल, कारण रुग्णाला बदल्यात उपचार मिळतो. रोज आठ तास भुकटी श्वासावाटे घेणाऱ्या कामगारासाठी मात्र तो रोज नव्याने पेटणारा दाह आहे आणि बदल्यात त्याला पगारापलीकडे काही मिळत नाही.

याशिवाय मुदतीचा आणि प्रमाणाचा हिशेब आहे. कुपीतल्या प्रयोगात हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा घालून विकराला काम करते ठेवावे लागते. शरीरात ही रसद दाह चालू असेपर्यंतच मिळते. सगळ्या माणसांत हे विकर सारख्याच प्रमाणात नसते. जन्मतःच त्याची कमतरता असणारे लोकही आहेत, आणि त्यातले बहुतेक जण आयुष्यभर त्याचा पत्ता न लागता नीट जगतात. अशा माणसाला भुकटीच्या खोलीत कामाला लावताना कोणी त्याची तपासणी करत नाही.

विकरांवर सगळा हवाला ठेवणाऱ्यांना मी वास्को दाखवीन. मुरगाव बंदरात कोळसा उतरू लागल्यापासून तिथल्या घरांत सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली की फडक्यावर काळा पट्टा उमटतो, हे तिथल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. ही धूळ म्हणजेही बव्हंशी कार्बनच. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना शहरी माणसांच्या फुफ्फुसांत आणि त्यांच्या लसिकाग्रंथींत काळे ठिपके नेहमी आढळतात. धूम्रपान करणाऱ्यांत आणि खाणकामगारांत ते अधिक दाट असतात. काजळीचे आणि कोळशाचे कण मॅक्रोफेजनी गिळलेले असतात आणि तिथेच जन्मभर पडून राहतात. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज तेच, पेरॉक्सिडेज तेच, तरी हे डाग मिटत नाहीत. कार्बन आहे म्हणजे विकर त्याला गाठेल आणि संपवेल, हा तर्क आपल्याच छातीतल्या पुराव्यापुढे टिकत नाही. मोडणे ठरते ते कणाच्या पृष्ठभागावर, आकारावर आणि त्याच्यापर्यंत विकर पोहोचते की नाही यावर.

यातला आकाराचा भाग फार महत्त्वाचा आहे. २००८ मध्येच, एडिंबरोच्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने उंदरांच्या उदरपोकळीत बहुपदरी नळ्या टोचून पाहिल्या. लांब आणि ताठ नळ्यांनी तिथे ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखाच दाह आणि गाठी निर्माण केल्या; आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. मॅक्रोफेज पेशीचा आवाका दहा-वीस मायक्रोमीटरचा. त्याहून लांब ताठ तंतू तिला पूर्ण गिळता येत नाही. तंतूचे टोक बाहेर राहते, पेशी तोंड मिटू शकत नाही आणि आतली विकरे व अस्थिर रसायने बाहेर सांडत राहतात. ज्या आकाराच्या नळ्या सर्वांत घातक, त्याच नळ्यांच्या बाबतीत पचवण्याची यंत्रणा सर्वांत तोकडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ या एका विशिष्ट बहुपदरी नळीला ‘मनुष्यात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब गटात ठेवले, आणि बाकीच्या नळ्यांविषयी वर्गवारी करण्याइतका पुरावा नाही असे सांगून त्यांना तिसऱ्या गटात ठेवले. पुरावा नाही म्हणजे धोका नाही असा त्याचा अर्थ लावणारे लोक असतात. तो अर्थ त्या संस्थेने काढलेला नाही.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कार्बन नॅनोनळ्या आणि नॅनोतंतूंसाठी हवेतली शिफारस केलेली मर्यादा घालून दिली. आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम. टायर आणि शाईसाठी वापरल्या जाणाऱ्या काजळीसारख्या कार्बन ब्लॅकसाठी त्याच संस्थेची मर्यादा ३.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साडेतीन हजार पट सैल. रसायन तेच, रचना वेगळी. आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाना कायद्यात हवेतल्या रसायनांच्या मर्यादांची अनुसूची आली. ती इजिमांच्या निबंधाच्या चार वर्षे आधीची आहे, आणि कारखान्यात मोजमाप करणाऱ्या निरीक्षकाच्या हाती अशा पदार्थांसाठी वजनाच्या मर्यादेपलीकडे काही असायला हवे याची कल्पनाही तेव्हा कोणाला असण्याचे कारण नव्हते.

औषधांच्या बाबतीत आपण थोडे पुढे आहोत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि त्यांत नॅनोपदार्थांचे विघटनशील व अविघटनशील असे वर्गीकरण करण्यात आले आहे. हे स्वागतार्हच आहे. पण वर पाहिलेल्या पुराव्याच्या उजेडात या दोन कप्प्यांत कार्बनची नळी कुठे बसवायची? कार्बोक्सिल गट लावलेली नळी पहिल्या कप्प्यात जाईल, कोरी नळी दुसऱ्या. शिवाय पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवलेली, रक्तात जास्त वेळ टिकावी म्हणूनच बनवलेली नळी कोणत्या कप्प्यात टाकायची? ते आवरण उतरवायला न्यूट्रोफिलना आधी आपली प्रथिनभेदी विकरे खर्ची घालावी लागतात. पदार्थाचे नाव पाहून कप्पा ठरवण्याची सोय इथे नाही. शिवाय या सूचना रुग्णासाठी आहेत. ते औषध तयार करताना पिंपातून भुकटी काढणारा कामगार त्यांच्या कक्षेत येत नाही.

दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझे जमत नाही. २०१९ मध्ये युरोपातील केमसेक या संस्थेने कार्बन नॅनोनळ्यांना एक संपूर्ण वर्ग म्हणून आपल्या घातक रसायनांच्या यादीत टाकले, तेव्हा अनेक संशोधकांनी लेखी विरोध केला आणि तो योग्य होता. शंभर प्रकारच्या नळ्यांपैकी काहींच्या दोषासाठी सगळ्यांना एकाच दावणीला बांधले तर कमी घातक प्रकार शोधण्याचे कारणच उद्योगाला उरत नाही. आखूड, कच्च्या जागा असलेल्या, नायट्रोजनचे अणू मिसळून भिंत मुद्दाम कमकुवत केलेल्या नळ्या लवकर मोडतात. अशी नळी बनवणाऱ्याला काही सवलत मिळायला हवी. ग्राफीन ऑक्साइडचे उदाहरण आशादायक आहे. एडिंबरोत १४ निरोगी स्वयंसेवकांनी दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात अत्यंत शुद्ध, पातळ पत्रे दोन तास हुंगले, आणि त्यांच्या फुफ्फुसांच्या व हृदयाच्या कामावर तात्काळ दुष्परिणाम दिसला नाही, असा निबंध २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या निष्कर्षाइतकाच त्याच्या काटेकोरपणामुळे. कोणता पदार्थ, किती शुद्ध, किती मोठा, किती वेळ, हे सारे त्यात सांगितले आहे. उलट २०२१ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याला ग्राफीनयुक्त मुखपट्ट्या वापरू नका असे लोकांना सांगावे लागले, कारण त्या विकल्या जात होत्या आणि त्यांतून काय नाकात जाते याची माहिती खात्याकडे पुरेशी नव्हती. तपासणीनंतर जुलैत काही मुखपट्ट्यांना पुन्हा परवानगी मिळाली. आधी विक्री आणि मग तपासणी, हा क्रम फक्त आपल्याकडेच असतो असे नाही.

गोव्याला नव्या उद्योगाबद्दल संशय घेण्याची सवय आहे आणि ती अकारण नाही. फोंडा तालुक्यातील केरी येथील नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला आणि प्रकल्प गोव्याबाहेर गेला. योगायोग असा की त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले, आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला. केरीची आठवण आपल्या प्रत्येक जनसुनावणीत निघते. या निकालाची आठवण क्वचितच निघते, आणि मला वाटते की नॅनोपदार्थांच्या बाबतीत कामाला येणारा धागा तोच आहे. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. तेवढ्या काळात कारखान्याचे नाव बदललेले असते, मालक बदललेला असतो, आणि कामगार काणकोणला किंवा सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी परतलेला असतो. नोंद नसेल तर त्याच्या खोकल्याचे मूळ शोधणार कोण?

जनसुनावणीत आजवर दोनच आवाज ऐकू येत आले आहेत. एक म्हणतो, हे विष आहे, नको. दुसरा म्हणतो, शास्त्रज्ञांनी सुरक्षित ठरवले आहे. नॅनोकार्बनच्या बाबतीत हे दोन्ही आवाज आळशी आहेत. ग्रामसभेतल्या एखाद्या शिक्षकाने किंवा निवृत्त परिचारिकेने उठून विचारावे की तुमच्या भुकटीवर मायलोपेरॉक्सिडेजची चाचणी झाली आहे का, ती किती दिवसांत किती टक्के मोडली, आणि मोडून तिचे काय झाले. शेवटचा प्रश्न विसरू नये. नळी पूर्ण मोडली तर कार्बन डायऑक्साइड होतो, पण वाटेत ऑक्सिजन चिकटलेले लहान वलयी रेणूही बनतात, आणि नळ्या वाढवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेले लोह, निकेल किंवा कोबाल्ट भिंतीत अडकलेले असते ते मोकळे होते. आतले धातू बाहेर पडले की शरीराला वेगळ्याच पाहुण्यांशी गाठ घालावी लागते. ‘मोडली’ हे उत्तर पुरेसे नाही.

समुद्राचा प्रश्नही इथेच जोडलेला आहे, पण त्याच्यावर थोडक्यातच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिसऱ्या, शिनाणे, कालवे हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळूनच पोट भरतात, आणि त्यांच्या शरीरात काय मोडते हे उंदराच्या फुफ्फुसावरून ठरवता येणार नाही. सांडपाण्याच्या परवान्यात त्यांच्यासाठी वेगळी चाचणी लागेल.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे: एवढ्या चाचण्या लहान उद्योगाला परवडणार कशा? विकराची चाचणी उंदरांवरच्या दोन वर्षांच्या अभ्यासासारखी खर्चिक नाही. विकर विकत मिळते, पेरॉक्साइड स्वस्त आहे, आणि मोडण्याचा माग रामन वर्णपटाने काढतात, म्हणजे १९२८ मध्ये याच देशात लागलेल्या शोधाच्या उपकरणाने. शाबूत जाळी आणि तुटलेली जाळी यांच्या रेघा वर्णपटात वेगवेगळ्या दिसतात आणि त्यांचे गुणोत्तर दिवसागणिक बदलताना मोजता येते. ही उपकरणे देशातल्या विद्यापीठांत आहेत. चाचणीला काही आठवडे लागतील. जमिनीचे रूपांतर, वीजजोडणी आणि पंचायतीचा दाखला यांना लागणाऱ्या वेळापुढे ते काहीच नाहीत. एवढ्या चाचणीने धोका संपत नाही हे कबूल आहे, पण ज्या भुकटीवर विकराचा काहीच परिणाम होत नाही ती बंद यंत्रातच हाताळायची, तिच्या खोलीची हवा मोजायची आणि तिथल्या कामगाराची ४० वर्षांची नोंद उघडायची, एवढे तरी त्या निकालावरून ठरवता येते.

एक तपशील मात्र सुटता कामा नये. चाचणीचा खर्च अर्जदाराने द्यावा, पण नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने उचलावा, आणि तो कारखान्यातल्या चालू पिंपातून उचलावा. संशोधनात मोडणाऱ्या नळ्या पाण्यात नीट पसरलेल्या आणि आम्लाने धुतलेल्या असतात. पिंपातली भुकटी कोरडी असते, गुठळ्या झालेली असते आणि बहुधा कोरी असते. ग्राफीन ऑक्साइडच्या बाबतीत तर २०१५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या अल्बेर्तो बियांको यांच्या गटाने स्पष्ट दाखवले आहे की पाण्यात चांगले पसरणारे पत्रे मायलोपेरॉक्सिडेजने मोडतात आणि गुठळ्या होणारे मोडत नाहीत. अर्जदाराने स्वतः निवडून, पाण्यात घोळवून पाठवलेल्या बाटलीवर जो अहवाल येईल तो त्या बाटलीपुरताच खरा असेल.